बियाणे जमवणारा माणूस आणि भूक

थंडी पडू लागली की सोलापूर-मराठवाड्याकडे हुरड्याच्या आगट्या पेटतात. कोवळ्या ज्वारीचे कणीस गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, गरम असतानाच तळहातावर चोळायचे आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तो हिरवट दाणा तोंडात टाकायचा. त्या दाण्याला जी गोडी असते ती पुढे राहत नाही. पंधरा-वीस दिवसांनी तेच कणीस कापणीला येते तेव्हा दाणा टणक झालेला असतो आणि गोडवा नाहीसा झालेला असतो. ती साखर जाते कुठे? ती कुठेच जात नाही. पानांनी उन्हात तयार केलेली साखर ताटातून कणसात येते आणि दाण्यात शिरल्यावर तिचे पिठूळ पदार्थात, म्हणजे स्टार्चमध्ये रूपांतर होते. दाणा चिकात असतो तेव्हा हे काम अर्धवट झालेले असते, म्हणून हुरडा गोड लागतो. काम पुरे झाले की त्याची भाकरी होते.

पण नेमक्या याच दिवसांत पाऊस दडी मारतो, जमिनीतली ओल संपते आणि पिकाला ताण बसतो, तेव्हा काय होते हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पाने करपतात, दाणा भरत नाही, मळणीनंतर पोत्यात पडतो तो बारीक, सुरकुतलेला माल. गेल्या शतकातल्या एका माणसाने आपले सारे आयुष्य या प्रश्नामागे घालवले. दुष्काळातही तग धरील, दाणा भरील असे बियाणे जगाच्या पाठीवर कुठे ना कुठे असलेच पाहिजे, या विश्वासाने तो पाच खंड हिंडला. त्याने लाखो पुड्या बियाणे गोळा केले. त्याचे नाव निकोलाय इव्हानोविच वाविलोव. सगळ्या जगाच्या जेवणाची चिंता वाहणारा हा शास्त्रज्ञ अन्नावाचून, एका तुरुंगात मेला.

व्यापाऱ्याचा मुलगा

वाविलोव यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८८७ रोजी मॉस्कोत झाला. वडील इव्हान हे मूळचे खेड्यातले. गरिबीतून वर येऊन त्यांनी कापडाच्या व्यापारात जम बसवला होता. घरात सुबत्ता आली होती. पण त्या काळच्या रशियात भूक ही काही लांबची गोष्ट नव्हती. निकोलाय चार वर्षांचा होता तेव्हा, १८९१-९२ मध्ये, व्होल्गा नदीच्या खोऱ्यात पाऊस पडला नाही. पिके जळाली आणि लाखो माणसे उपासमारीने व साथीच्या रोगांनी दगावली. रशियाच्या सुपीक काळ्या मातीला हा शाप जुनाच. माती उत्तम, पण पावसाचा भरवसा नाही.

मुलाने व्यापारात यावे अशी वडिलांची इच्छा होती. त्याला व्यापारी शाळेतही घातले होते. पण निकोलायचे मन झाडापेल्यांत रमे. १९०६ मध्ये त्याने मॉस्कोच्या प्रसिद्ध कृषी संस्थेत प्रवेश घेतला. तिथे त्याला प्र्यानिश्निकोव यांच्यासारखा गुरू लाभला. धाकटा भाऊ सर्गेई पदार्थविज्ञानाकडे वळला आणि पुढे सोव्हिएत विज्ञान अकादमीचा अध्यक्ष झाला. एकाच घरातल्या या दोन भावांच्या नशिबाची गाठ पुढे किती विचित्र पडणार होती!

१९१३ मध्ये वाविलोव इंग्लंडला गेले. आनुवंशशास्त्र हे तेव्हा अगदी कोवळे शास्त्र होते. मेंडेलचे विस्मरणात गेलेले वाटाण्याचे प्रयोग १९०० मध्ये पुन्हा उजेडात आले होते आणि त्या विचाराचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता होता विल्यम बेटसन. त्यांच्या हाताखाली वाविलोव शिकले. पिकाचे गुण पिढ्यान् पिढ्या ठरावीक नियमांनी उतरतात, ते वेगळे काढता येतात, हव्या त्या गुणांचा मेळ घालून नवे वाण तयार करता येते, ही दृष्टी त्यांना तिथे मिळाली. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर ते मायदेशी परतले.

१९१६ मध्ये इराणच्या उत्तर भागात असलेल्या रशियन सैनिकांना भाकरी खाल्ल्यावर चक्कर येऊ लागली, म्हणून कारण शोधायला वाविलोव यांना पाठवण्यात आले. गव्हात मिसळलेले एक विषारी तण त्यांनी शोधून काढले. पण काम संपले म्हणून ते परत फिरले नाहीत. तसेच पुढे पामीरच्या डोंगराळ प्रदेशात शिरले. आठ-दहा हजार फुटांवरच्या खेड्यांत पिकणारे गहू आणि राय पाहून ते थक्क झाले. सपाटीवरच्या शेतांत कधी न दिसणारे प्रकार तिथे ओंबीओंबीत दिसत होते. त्यांच्या पुढच्या सगळ्या प्रवासाचे बीज इथे पडले.

व्होल्गाकाठचा दुष्काळ

१९१७ मध्ये, क्रांतीच्या धामधुमीत, वाविलोव व्होल्गाकाठच्या साराटोव शहरात प्राध्यापक म्हणून दाखल झाले. हे शहर त्यांच्या आयुष्यात दोनदा आले. पहिल्यांदा आले ते कीर्ती घेऊन. जून १९२० मध्ये तिथे भरलेल्या कृषितज्ज्ञांच्या परिषदेत त्यांनी आपला एक सिद्धान्त मांडला. जवळच्या नात्यातल्या वनस्पतींमध्ये गुणांच्या सारख्याच मालिका आढळतात, असे त्याचे सूत्र होते. गव्हात एखादा गुण दिसला तर राय किंवा बार्लीतही तो कुठेतरी असणार. दिसला नसेल तर शोधायला हवा. मेंडेलीव्हच्या मूलद्रव्यांच्या तक्त्यात जशा रिकाम्या जागा पुढे भरत गेल्या, तसेच हे होते. सभेने उभे राहून टाळ्यांचा कडकडाट केला. तेव्हा वाविलोव फक्त ३२ वर्षांचे होते.

पुढच्याच वर्षी व्होल्गाकाठचे आभाळ कोरडे राहिले. १९२१ चा तो दुष्काळ रशियाच्या इतिहासातल्या भीषण दुष्काळांपैकी एक. महायुद्ध, यादवी युद्ध आणि सरकारने केलेली धान्याची सक्तीची वसुली यांनी शेतकरी आधीच नागवला गेला होता. कणग्या रिकाम्या होत्या. त्यात अवर्षण आले. सुमारे पन्नास लाख माणसे मेली, असा अंदाज आहे. लोकांनी पेरणीसाठी ठेवलेले बियाणेही खाल्ले. ज्या गावात बी उरत नाही तिथे पाऊस आला तरी काय उपयोग?

वाविलोव तोवर पेट्रोग्राडला, म्हणजे पुढच्या लेनिनग्राडला, वनस्पतींच्या सरकारी संस्थेचे प्रमुख म्हणून गेले होते. इमारत थंडीने गारठलेली, संग्रहाची दुर्दशा झालेली, माणसे अर्धपोटी. त्याच वर्षी ते अमेरिकेला गेले आणि तिथून बियाण्यांच्या पेट्या घेऊन परतले. दुष्काळ हा देवाचा कोप नाही, तो अभ्यासाचा विषय आहे आणि त्यावरचा एक उपाय बियाण्यात दडलेला आहे, ही त्यांची धारणा या दिवसांत पक्की झाली.

पाच खंडांची बीजयात्रा

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते. माणसाने हजारो वर्षांपूर्वी रानटी गवतांतून आणि झुडपांतून पिके तयार केली. ज्या प्रदेशात एखादे पीक पहिल्यांदा लावले गेले, तिथे आजही त्याचे सर्वाधिक प्रकार आढळतील. काही थंडी सोसणारे, काही रोगाला दाद न देणारे, काही पाण्यावाचून निभावणारे. शेतीच्या या माहेरघरांत जाऊन ते सगळे प्रकार गोळा करायचे, आपल्याकडे पेरून पारखायचे आणि त्यांच्या संकरातून हवे ते वाण घडवायचे.

मग सुरू झाली एक अखंड यात्रा. १९२४ मध्ये अफगाणिस्तान. घोड्यांच्या काफिल्याबरोबर सुमारे पाच हजार किलोमीटर, हिंदुकुशचे बर्फाळ घाट ओलांडत. १९२६ आणि १९२७ मध्ये सीरिया, पॅलेस्टाइन, अल्जेरिया, मोरोक्को, ग्रीस, इटली, स्पेन. वाटेत मलेरियाने गाठले, तरी थांबणे नाही. त्याच दौऱ्यात इथिओपिया. तिथल्या पठारावरचे कठीण गव्हाचे वैविध्य त्यांना थक्क करून गेले. १९२९ मध्ये चीनचा पश्चिम भाग, जपान, कोरिया. अल्माआटाजवळच्या डोंगरात त्यांनी रानटी सफरचंदांची अरण्ये पाहिली आणि आपल्या ताटातल्या सफरचंदाचे माहेर हेच, असे ओळखले. १९३० आणि १९३२ मध्ये अमेरिका खंड. मेक्सिकोतला मका, अँडीज पर्वतातले बटाटे.

रात्री चार-पाच तासांची झोप त्यांना पुरे होई. अनेक भाषा येत. गावच्या बाजारात शिरायचे, धान्याच्या ढिगापाशी उकिडवे बसायचे, शेतकऱ्याशी बोलत मूठभर दाणे मागून घ्यायचे, पुडीवर गावाचे नाव आणि समुद्रसपाटीपासूनची उंची लिहायची. डोक्याला हॅट, अंगात सूट, गळ्यात टाय अशा वेशात हा हसतमुख माणूस वाळवंटातूनही हिंडे. १९४० पर्यंत लेनिनग्राडच्या संग्रहात सुमारे अडीच लाख नमुने जमा झाले होते. जगात तेव्हा असे दुसरे भांडार नव्हते.

पिकांच्या माहेरघरांच्या त्यांच्या यादीत भारतालाही मानाचे स्थान आहे. भात, वांगे, आंबा यांचे नाते त्यांनी भारतीय केंद्राशी जोडले. त्यांना स्वतःला भारतात येता आले नाही. त्यांचे सहकारी मार्कोविच येऊन नमुने घेऊन गेले. आणि ज्या ज्वारीला आपण पिढ्यान् पिढ्या आपली म्हणत आलो, तिचे माहेर आफ्रिकेत, इथिओपिया-सुदानच्या बाजूला आहे. हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आलेली ही लेक सोलापूरच्या काळ्या रानात अशी रुजली की आता ती परकी वाटतच नाही.

एकच बी, शंभर शेते

नुसते बियाणे जमवून भागत नाही. ते कुठे कसे येते हे पाहावे लागते. १९२३ पासून वाविलोव यांच्या संस्थेने एक प्रचंड प्रयोग हाती घेतला. उत्तरेच्या थंड प्रदेशापासून मध्य आशियाच्या उष्ण, कोरड्या मुलखापर्यंत शंभराहून अधिक ठिकाणी पिकांचे तेच ते वाण पेरण्यात आले. बी एकच, माती आणि हवा वेगळी. पीक किती दिवसांत आले, ताट किती वाढले, उतारा किती पडला याची नोंद झालीच. पण दाणे प्रयोगशाळेत नेऊन आत काय आहे हेही तपासण्यात आले. ते काम रसायनतज्ज्ञ निकोलाय इव्हानोव यांच्याकडे होते.

असे दिसले की एकाच वाणाचा गहू दमट, गार प्रदेशात पिकला तर दाणा पिठूळ होतो आणि पूर्वेकडच्या व आग्नेयेकडच्या कोरड्या मुलखात पिकला तर त्यात प्रथिनांचे प्रमाण वाढते. कडधान्यांत मात्र असा मोठा फरक पडत नव्हता. म्हणजे दुष्काळ दाण्याचे वजन घटवतोच, शिवाय त्याचा आतला हिशेबही बदलतो.

असे का व्हावे, याचा उलगडा पुढच्या काळातल्या संशोधनाने केला. दाणा भरत असताना पाण्याचा ताण बसला की पानांवरची सूक्ष्म छिद्रे मिटतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येत नाही, साखर तयार होणे मंदावते. दाण्यात साखरेचे स्टार्च करणारी विकरेही, म्हणजे एन्झाइम्स, सुस्त होतात. दाणा भरण्याचे दिवसच कमी होतात. प्रथिने साठण्यावर याचा परिणाम तुलनेने कमी होतो. त्यामुळे लहान झालेल्या दाण्यात प्रथिनांचा वाटा वाढलेला दिसतो. स्टार्चचा वाटा घटतो, आणि विरघळणाऱ्या साखरेचा वाटा पुष्कळदा वाढतो. कारण जी काही साखर आली तिचे पुरते रूपांतर झालेले नसते. पण याने फसून जाऊ नये. घरातला खर्च कमी झाला म्हणजे मिळकत वाढली असे होत नाही, तसेच हे. दाण्यागणिक एकूण माल कमीच भरलेला असतो. शिवाय पीक कोणते, वाण कोणते आणि ताण फुलोऱ्यात बसला की दाणा चिकात असताना, यावर हे आकडे बदलतात.

मग दुष्काळात टिकणारे वाण काय निराळे करते? बरेच काही. काही वाण घाईने पिकून ओल संपण्याआधीच मोकळे होते. काहींची मुळे खोल जातात. काही वाण बरे दिवस असताना ताटात साखर साठवून ठेवते आणि पाने करपली की ती शिल्लक दाण्याकडे पाठवते. अडीअडचणीसाठी फडताळात चार पैसे बाजूला ठेवणाऱ्या गृहिणीसारखेच हे! वाविलोव यांच्या संस्थेतले निकोलाय माक्सिमोव हे वनस्पतींच्या जीवनक्रियांचे मोठे अभ्यासक होते. कोरड्या मुलखातली झाडे पाणी कमी खर्च करतात म्हणून जगतात, ही जुनी समजूत त्यांनी प्रयोगांनी खोडून काढली. पाण्याची चणचण सोसूनही आपले काम चालू ठेवण्याची ताकद महत्त्वाची, असे त्यांनी दाखवले. दुष्काळाकडे शास्त्राच्या नजरेने पाहणारी अशी माणसे वाविलोव यांनी आपल्याभोवती गोळा केली होती.

घाईचे विज्ञान

१९२६ मध्ये वाविलोव यांना लेनिन पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते कृषी अकादमीचे पहिले अध्यक्ष झाले. देशभरात त्यांच्या संस्थेची केंद्रे उभी राहिली. आणि इथूनच वारे फिरू लागले.

स्टालिनने शेतीचे सामुदायिकीकरण सक्तीने रेटले. शेतकऱ्यांची जमीन, जनावरे, धान्य काढून घेण्यात आले. १९३२-३३ मध्ये युक्रेन, कझाखस्तान आणि व्होल्गाकाठी पुन्हा लाखो माणसे भुकेने मेली. या वेळी दोष आभाळापेक्षा राज्यकर्त्यांचा अधिक होता. पण राज्यकर्ते स्वतःचा दोष कबूल करीत नाहीत. त्यांना दुसरा अपराधी लागतो. नवे वाण तयार करायला दहा-बारा वर्षे लागतात असे वाविलोव सांगत होते. संकर करा, पिढ्या पेरा, निवडा, पुन्हा पेरा. सरकारने १९३१ मध्ये फर्मान काढले की हे काम चार-पाच वर्षांत झाले पाहिजे.

हे करून दाखवतो म्हणणारा एक माणूस पुढे आला. त्याचे नाव त्रोफिम लिसेंको. शेतकऱ्याच्या घरचा, जिद्दी, बोलण्यात आक्रमक. गव्हाचे बी भिजवून थंडीत ठेवले आणि मग पेरले तर ते लवकर निसवते, या गोष्टीवर त्याने मोठमोठे दावे उभारले. मूळ गोष्टीत तथ्य होते आणि ती आधीपासून माहीतही होती. पण तिने देशभरचे उत्पन्न वाढेल, हवामान बदलले की पिकाचा स्वभावच बदलेल आणि तो बदल पुढच्या पिढीत उतरेल, हे सारे पुराव्यावाचून होते. विशेष म्हणजे सुरुवातीला वाविलोव यांनीच या तरुणाला उत्तेजन दिले होते. कुणाचेही काम ऐकून घ्यावे, शेतात पारखून पाहावे, हा त्यांचा स्वभाव. तो स्वभाव त्यांना महागात पडला.

लिसेंकोला स्टालिनचा आशीर्वाद मिळाला. मेंडेलचे शास्त्र हे भांडवलदारांचे शास्त्र ठरले. १९३५ मध्ये वाविलोव यांचे अकादमीचे अध्यक्षपद गेले. १९३८ मध्ये त्याच खुर्चीवर लिसेंको बसला. १९३९ मध्ये एडिंबरा इथे भरलेल्या जागतिक आनुवंशशास्त्र परिषदेचे अध्यक्षपद वाविलोव यांना देऊ केले होते. सरकारने त्यांना जाऊ दिले नाही. त्यांच्यापुढे मार्ग होता. चूक कबूल केल्याचे नाटक करायचे, दोन शब्द लिसेंकोच्या बाजूने बोलायचे आणि सुखाने राहायचे. अनेकांनी तेच केले. वाविलोव यांनी भर सभांत आनुवंशशास्त्राची बाजू मांडणे सोडले नाही. प्रश्न त्यांच्या मानापमानाचा नव्हता. खोट्या शास्त्रावर बी पेरले तर शेवटी उपाशी राहतो तो शेतकरी आणि त्याची पोरे, हे त्यांना दिसत होते.

साराटोवची कोठडी

६ ऑगस्ट १९४० रोजी वाविलोव पश्चिम युक्रेनमध्ये, कार्पेथियन डोंगराच्या पायथ्याशी नमुने गोळा करीत होते. मॉस्कोहून तातडीचे बोलावणे आहे असे सांगून काही माणसे त्यांना मोटारीत बसवून घेऊन गेली. ते परत आले नाहीत. मागे राहिलेल्या त्यांच्या झोळीत सहकाऱ्यांना जुन्या, अर्धरानटी गव्हाच्या ओंब्या सापडल्या. शेवटच्या दिवसापर्यंत शोध चालू होता.

शेतीत घातपात केल्याचा आणि इंग्लंडसाठी हेरगिरी केल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. जवळजवळ अकरा महिने रात्री-अपरात्री चौकशा झाल्या. ९ जुलै १९४१ रोजी काही मिनिटांत खटला उरकून त्यांना मृत्युदंड सुनावण्यात आला. त्यांच्या संस्थेतले अनेक सहकारीही पकडले गेले. मुळा आणि कोबी यांचा जगप्रसिद्ध संकर करणारे कार्पेचेंको त्याच महिन्यात गोळी घालून मारले गेले.

जर्मन फौजा मॉस्कोच्या जवळ आल्या तेव्हा कैद्यांना पूर्वेकडे हलवण्यात आले. वाविलोव यांना ज्या गावी नेले ते गाव होते साराटोव! ज्या शहराने टाळ्या वाजवून डोक्यावर घेतले होते, त्याच शहराच्या तुरुंगात तळघरातल्या फाशीच्या कोठडीत हा माणूस आला. ना फिरणे, ना उजेड, पोटाला पुरेसे अन्न नाही. तरीही ते सोबतच्या कैद्यांना पिकांविषयी, प्रवासांविषयी व्याख्याने देत. वृद्ध गुरू प्र्यानिश्निकोव यांनी स्वतःचा जीव धोक्यात घालून त्यांच्या सुटकेसाठी खटपट केली. १९४२ मध्ये मृत्युदंड रद्द होऊन वीस वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना परदेशी सदस्य म्हणून निवडले. ते कोठडीत खितपत पडले आहेत याचा बाहेर पत्ता नव्हता.

याहून दारुण गोष्ट पुढे आहे. त्यांच्या पत्नी येलेना बारुलिना या स्वतः मसुराच्या पिकाच्या नामांकित अभ्यासक होत्या. युद्धामुळे त्या मुलाला घेऊन साराटोवलाच माहेरी आल्या होत्या. पती मॉस्कोच्या तुरुंगात आहेत अशा समजुतीने, स्वतःच्या तोंडचा घास काढून त्या मॉस्कोला खाण्याच्या वस्तू पाठवत राहिल्या. आणि नवरा त्याच गावात, थोड्या अंतरावरच्या भिंतीआड उपाशी होता. २६ जानेवारी १९४३ रोजी वाविलोव गेले. वय अवघे ५५ वर्षे. त्यांना नेमके कुठे पुरले तेही कळू शकले नाही.

लेनिनग्राडचे राखणदार

इकडे लेनिनग्राडला सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मन सैन्याचा वेढा पडला. तो जानेवारी १९४४ मध्येच पुरता उठला. पहिल्या हिवाळ्यात सामान्य नागरिकाला आणि मुलांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळे, आणि त्यातही भेसळ असे. लाखो लोक रस्त्यांत, घरांत मरून पडले. वाविलोव यांच्या संस्थेत मात्र गहू, भात, ओट, मका, वाटाणा, शेंगदाणा यांच्या पुड्यांनी कपाटे भरली होती. काचा फुटलेल्या, शेगडी नाही. कर्मचारी पाळीपाळीने उंदरांपासून आणि चोरांपासून त्या पुड्या राखत बसले. शहराबाहेरच्या शेतातले बटाट्यांचे दुर्मीळ वाण तोफांच्या माऱ्यात खणून आणले होते. ते गोठू नयेत म्हणून मिळेल ते लाकूड जाळून तळघर उबदार ठेवले.

त्यातले कित्येक जण भुकेने मेले. शेंगदाण्याचे तज्ज्ञ अलेक्झांडर शचुकिन कामाच्या टेबलाशीच गेले. भाताचे तज्ज्ञ दिमित्री इव्हानोव गेले तेव्हा त्यांच्या भोवती भाताच्या हजारो पुड्या होत्या. ओटच्या अभ्यासक लिडिया रोदिना गेल्या. हाताशी अन्न असून त्याला हात न लावणे याला काय म्हणावे? त्या दाण्यांनी काही माणसे काही दिवस जगली असती, हे खरे. पण एकदा खाल्लेला वाण पुन्हा कुठून आणणार? व्होल्गाकाठी बी खाऊन बसलेली गावे या लोकांनी पाहिली होती. आपला प्रमुख तुरुंगात आहे, त्याचे नाव घेणेही धोक्याचे आहे, अशा काळात त्यांनी त्याचा ठेवा सांभाळला.

दाणा टिकतो कशाने?

इतकी वर्षे कपाटात पडून बी जिवंत कसे राहते, हेही नवलच. त्याचे उत्तर पुन्हा साखरेपाशी येते. पिकत आलेले बी स्वतःला वाळवत नेते. त्या वेळी त्याच्या अंकुरात सुक्रोज आणि रॅफिनोजच्या कुळातल्या शर्करा साठतात. पाणी निघून गेले की पेशींची नाजूक आवरणे चिकटून फुटू नयेत म्हणून या शर्करा पाण्याची जागा घेतात आणि आतला रस काचेसारखा थिजवून ठेवतात. वनस्पतीवर कोरडेपणाचे संकट येते तेव्हा असाच साखरेचा आधार पाने आणि मुळेही पुष्कळदा घेतात. हरभऱ्याने किंवा वाटाण्याने पोटात वारा धरतो त्याचे एक मोठे कारण याच शर्करा; आपल्याला त्या पचत नाहीत, पण बियाला त्या जगवतात. आंब्याची कोय किंवा फणसाची आठळी ही कोरडी होणे सोसू शकत नाही. म्हणून गव्हासारखी ती वर्षानुवर्षे पुडीत ठेवता येत नाही.

स्टालिन गेल्यानंतर, १९५५ मध्ये, वाविलोव निर्दोष असल्याचे सरकारने मान्य केले. लिसेंकोची सद्दी मात्र १९६४ पर्यंत चालली, आणि तोवर सोव्हिएत आनुवंशशास्त्राचे न भरून येणारे नुकसान झाले होते. आज सेंट पीटर्सबर्गची ती संस्था वाविलोव यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांच्या कल्पनेवर जगभर बियाण्यांच्या पेढ्या उभ्या आहेत. नॉर्वेच्या उत्तरेला बर्फाळ डोंगरात २००८ मध्ये उघडलेली स्वालबार्डची तिजोरी आहे. दिल्लीला आपली राष्ट्रीय जनुकपेढी आहे, हैदराबादजवळ पाटणचेरूला ज्वारी, बाजरी, हरभरा, तूर यांचा मोठा संग्रह आहे.

आणि याला आपल्या घरचाही पुरावा आहे. मोहोळच्या केंद्रावर स्थानिक ज्वारीतून निवडलेली मालदांडी ३५-१ कित्येक दशके आपल्या अवर्षणग्रस्त भागाला भाकरी देत आली. जमिनीतल्या ओलीवर येणारे हे वाण कुणी कारखान्यात बनवले नाही. ते शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या निवडून जपलेल्या ज्वारीतून आले. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना अशा वाणाची किंमत सांगायला नको. हवामान लहरी होत चालले आहे, पावसाचे खंड वाढत आहेत. अशा वेळी दाण्याच्या आत साखरेचा आणि स्टार्चचा हिशेब कसा चालतो, कोणते वाण ताण सोसूनही दाणा भरते, हा प्रयोगशाळेपुरता प्रश्न राहत नाही. तो उद्याच्या ताटाचा प्रश्न आहे.

घरातली म्हातारी माणसे पूर्वी चांगले टपोरे कणीस निवडून तुळईला टांगून ठेवत. घरात कितीही ओढगस्त असली तरी त्याला हात लावायचा नाही, हा दंडक असे. निकोलाय वाविलोव यांनी सगळ्या पृथ्वीसाठी तेच केले. त्यांच्या कबरीची खूण कुणाला ठाऊक नाही. पण त्यांनी गोळा केलेल्या गव्हाच्या, राईच्या, मसुराच्या संग्रहाचे वाण आजही दर काही वर्षांनी पेरले जातात, उगवतात आणि नव्या दाण्यांच्या पुड्या पुन्हा कपाटात जातात.